ब्रेकताईचे शेरे

तक्रारदार: स्त्री. वय: एक्कावन्न वर्षे पूर्ण. व्यवसाय: इतरांना मोटार चालवण्यास शिकवणे. अनुभव: बावीस वर्षे, त्यापैकी बहुतांश शेजारच्या सीटवर. ओळखीची ठळक खूण: उजव्या पायाची पोटरी डाव्या पायाच्या पोटरीपेक्षा जाड. वाहन: नवे, खरेदीस तीन महिने बारा दिवस. वाहनाची सद्यःस्थिती: चालू. तक्रारीचे स्वरूप: वाहन चालू असताना बंद पडते. यापूर्वीच्या तपासण्या: तीन. निष्कर्ष: दोष आढळला नाही. तक्रारदाराची सद्यःस्थिती: हा रकाना फॉर्ममध्ये नाही.

रकाना असता तर तिने त्यात एकच शब्द लिहिला असता: घाबरलेली.

तिला सगळे ब्रेकताई म्हणत. शिकायला येणारे आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि शेवटी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा तिचा नवराही म्हणू लागला. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटखाली आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक बसवलेला असतो. त्या ब्रेकवर तिचा पाय बावीस वर्षं होता. घरी सोफ्यावर बसून ती टीव्ही पाहायची तेव्हा पडद्यावरच्या गाडीने वेग घेतला की तिचा पाय आपोआप पुढे जायचा. सिनेमा संपेपर्यंत समोरचा टीपॉय चार बोटं सरकलेला असे. नवरा तो परत ओढून घ्यायचा.

भीती म्हणजे तिच्यासाठी काही नवा पाहुणा नव्हता. भीती हाच तिचा धंदा होता. वळणावर डोळे मिटून घेणारे, ओळखीचं कुणी दिसलं की हात हलवायला स्टिअरिंग सोडणारे, ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबणारे आणि मग गाडीलाच ‘थांब, थांब’ म्हणणारे: असे नाना प्रकारचे लोक तिच्या शेजारी बसून गेले होते, आणि प्रत्येकाने दिलेली भीती तिने हळूहळू माणसाळवली होती. माणूस कुठे चुकणार हे तिला त्याच्या मानेवरून कळे. तो चुकायच्या आधी अर्धा सेकंद तिचा पाय खाली गेलेला असे.

पहिल्या दिवशी ती प्रत्येकाला एक वाक्य ऐकवायची. “गाडीला अक्कल नसते, म्हणून ती चुकत नाही. चुकायला अक्कल लागते. ती तुमच्याकडे आहे.” लोक हसायचे. ती हसायची नाही, कारण तो विनोद नव्हता, श्रद्धा होती.

प्रत्येक शिकणाऱ्याचं तिच्याकडे एक पुठ्ठ्याचं कार्ड असे. तारीख, वेळ, रस्ता आणि शेरा. शेरे थोडक्यात. ‘आ.पा.ना.’ म्हणजे आरशात पाहत नाही. ‘गि.शो.’ म्हणजे गिअर शोधत बसतो. आणि ‘बं.पा.’ म्हणजे बंद पाडली. नवशिके क्लच घाईने सोडतात, गाडी आचका देऊन गप्प होते. यात नवल काही नाही. बावीस वर्षांत तिने बं.पा. किती वेळा लिहिलं याची गणती कुणी केली नव्हती.

जुनी गाडी थकली म्हणून तिने नवी घेतली. दुसरी पेडलं शोरूमवाल्यांनीच बसवून दिली, बिलात तशी ओळ घातली, एक फोटो काढला आणि चावी हातात दिली.

तिसऱ्या आठवड्यात पहिला प्रकार झाला. त्या दिवशी दुसऱ्या तासाला मुख्याध्यापिकाबाई होत्या. वय त्रेसष्ट, तीन वर्षांपूर्वी निवृत्त. निवृत्तीनंतर शिकायच्या गोष्टींची त्यांनी यादी केली होती. पोहणं झालं होतं, मोटार चालू होती. बाई गाडी अशा चालवायच्या जशी शाळा चालवली असणार: वेळेत, सरळ रेषेत आणि कुणाचंही न ऐकता. शहराबाहेरच्या वळणरस्त्यावर गाडी चौथ्या गिअरमध्ये, वेग पन्नासच्या थोडा वर. आणि आवाज गेला.

नुसता आवाज गेला. आचका नाही, धक्का नाही. समोरचे दिवे एकदम लागले, स्टिअरिंग जड झालं आणि गाडी तशीच, मुकाट्याने, पुढे जात राहिली. मागे ट्रक होता. त्याचा हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. ब्रेकताईने एका हाताने स्टिअरिंग ओढून गाडी कडेला घेतली. ट्रक इतका जवळून गेला की गाडी हलली.

“क्लच लवकर सोडलात!” ती ओरडली.

“मी क्लचला पायच लावला नव्हता,” बाई म्हणाल्या.

“असं सगळेच म्हणतात.”

“सगळे म्हणत असतील तर विचार करायला हवा.”

“विचार नंतर. आधी चावी फिरवा.”

गाडी सुरू झाली नाही. घाबरलेल्या हाताने चावी फिरवली की असंच होतं, असं ब्रेकताईने सांगितलं, आणि मग ती क्लच या विषयावर बोलू लागली. दहाएक मिनिटं बोलली. बोलणं संपल्यावर बाईंनी चावी फिरवली आणि गाडी झटक्यात सुरू झाली. ब्रेकताईने कार्डावर बं.पा. लिहिलं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर शेरे मारलेल्या बाईंनी तो शेरा चष्मा खाली करून वाचला आणि वरून पाहिलं.

पुढच्या दोन महिन्यांत गाडी कितीतरी वेळा अशी गप्प झाली. औषधांच्या दुकानातल्या मुलीच्या हातात, दवाखान्यातल्या नर्सच्या हातात, लग्न ठरल्यामुळे घाईने शिकणाऱ्या एका सुताराच्या हातात. दर वेळी ब्रेकताई व्याख्यान द्यायची. दर वेळी व्याख्यान संपलं की गाडी सुरू व्हायची. यावरून व्याख्यानाचा उपयोग होतो असं तिचं ठाम मत झालं. तिने ते थोडं वाढवलंसुद्धा.

मग एक दिवस तिसरा तास संपवून ती एकटीच पेट्रोल भरायला निघाली. बऱ्याच दिवसांनी स्वतः स्टिअरिंगवर. स्टेशनजवळच्या भुयारी रस्त्यात शिरली, उतार लागला, बाहेरचा उजेड मागे पडला, आणि आवाज गेला.

पहिलं तिच्या तोंडून निघालं ते “क्लच!” भिंतीवरून तो शब्द तिच्याच कानावर परत आला. तिने खाली पाहिलं. डावा पाय क्लचपासून वीतभर दूर, सपाट जमिनीवर होता. आणि ज्या जागी बसून ती बावीस वर्षं लोकांना वाचवत आली होती त्या जागी आज कुणीच नव्हतं.

तिने ब्रेक दाबला, तो लागला. घाबरून सोडून पुन्हा दाबला, तो कमी लागला. बंद इंजिनचं बळ ब्रेकला मिळेना; तिसऱ्यांदा पायाखाली जणू दगड आला. गाडी उतारावरून आपल्या मर्जीने चालली होती. मागून बसचे दिवे आरशात मोठे होत होते. तिने हँडब्रेक ओढला, चाकं किंचाळली, गाडी तिरकी होऊन भिंतीला आरसा घासत थांबली. बसवाल्याने कशी कोण जाणे, बस थांबवली. तो खाली उतरला, खिडकीशी आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, “काय हो ताई, शिकताय वाटतं?”

तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. अंगातलं सगळं पाणी कुणी काढून घेतल्यासारखी ती बसून राहिली. मग हिशेब डोक्यात शिरला. बाई. नर्स. सुतार. तो ट्रक. ज्या-ज्या वेळी तिने लोकांना झाडलं, त्या-त्या वेळी ते सगळे मरणाच्या हातभर अंतरावरून परत आले होते, आणि तिने त्यांच्या कार्डावर शेरा मारून त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गाडीत बसवलं होतं.

त्या दिवसापासून तिने तास बंद केले.

सर्व्हिस सेंटर काचेचं होतं. आत गारवा, कॉफीचं यंत्र आणि नंबर घेऊन बसायच्या खुर्च्या. सल्लागार हुद्द्याचा एक तरुण होता; तो प्रत्येक वाक्याच्या आधी आणि नंतर ‘मॅडम’ म्हणायचा, त्यामुळे मधलं वाक्य कमी ऐकू यायचं. गाडी सकाळी रांगेत लागायची, तीन तास उभी राहायची, मग तिला एका यंत्राची वायर जोडायची, एक माणूस आवारात दोन चकरा मारायचा आणि कागद यायचा: दोष आढळला नाही.

“मॅडम, यंत्रात काही दिसतच नाही, मॅडम.”

“अहो, मला दिसलंय ना!”

“मॅडम, पण तुमचं यंत्रात नोंदवता येत नाही, मॅडम.”

दुसऱ्या वेळी त्यांनी शोधून काढलं की गाडीत बाहेरची पेडलं आहेत, त्यामुळे वॉरंटी लागू नाही. तिने बिलातली ओळ दाखवली. सल्लागाराने ती दोनदा वाचली, आत गेला, बाहेर आला आणि पेडलांचा विषय जणू कधी निघालाच नव्हता अशा चेहऱ्याने म्हणाला, “मॅडम, किती वेळा बंद पडली याचा काही पुरावा आहे का?”

पुरावा! तिचा चेहरा उजळला. ती धावत घरी गेली आणि कार्डांचा गठ्ठा घेऊन आली. चौदा माणसं, एकतीस नोंदी, तारीख-वेळेसकट. सल्लागाराने एकेका कार्डाचा मनापासून फोटो काढला.

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. ते अतिशय सभ्य होतं. ग्राहकाने स्वतःच सादर केलेल्या व स्वाक्षरीसह नोंदवलेल्या माहितीनुसार वाहन प्रत्येक वेळी शिकाऊ चालकाने बंद पाडलेले असून, चालकाची चूक वॉरंटीत समाविष्ट नाही. आणखी एका अंतिम तपासणीची मागणी पंधरा दिवसांत न आल्यास तक्रार कायमची निकाली समजण्यात येईल.

नवऱ्याने पत्र दुकानातल्या भिंगाखाली धरून वाचलं. “अक्षर तुझंच आहे म्हणे.”

“माझंच आहे.”

“मग आता?”

“आता काय! सही माझी, शेरा माझा, फाशीचा दोर माझा.”

“विकून टाक गं गाडी.”

“कुणाला विकू? ज्याला विकीन त्याच्या बायकोचं कुंकू पुसलं जायचं. सांगून विकली तर घेणार कोण, आणि न सांगता विकली तर मी कोण?”

तिच्यापुढे वाट एकच होती: शिकणाऱ्यांनी लिहून द्यायचं की त्यांनी गाडी बंद पाडली नव्हती. म्हणजे ज्यांना झाडलं त्यांच्या दारात जायचं. पहिलं दार बाईंचं. जिना चढताना तिचा पाय प्रत्येक पायरीवर ब्रेक शोधत होता.

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, पत्र वाचलं आणि खाली ठेवलं.

“मी सांगितलं होतं तुम्हाला, क्लचला पाय लावला नव्हता.”

“सांगितलं होतंत, बाई.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“असं सगळेच म्हणतात.”

“हं.” बाई उठल्या, टेबलाच्या खणातून तांबडी पेन्सिल काढली आणि हात पुढे केला. “कार्डं आणलीत?”

पुढचे दोन तास बाईंच्या जेवणाच्या टेबलावर कार्डांचं वेळापत्रक तयार झालं. आधी तारखेप्रमाणे, मग तासाप्रमाणे. ब्रेकताई नुसती बघत होती. मध्येच बाईंनी एक बोट एका ओळीवर ठेवलं आणि तिथेच राहू दिलं.

“पहिल्या तासाला बंद पडल्याच्या सहा नोंदी आहेत. सगळ्या तुमच्या फाटकाशी, गाडी हलवतानाच्या. या सहा तुमच्या विद्यार्थ्यांच्या. त्या तशाच राहू द्या, उगाच कुणाला माफी नको. उरलेल्या पंचवीस बघा. दुसरा तास, तिसरा तास, दुसरा, तिसरा, तिसरा. भर रस्त्यात. पहिल्या तासाला भर रस्त्यात एकदाही नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमची गाडी तापल्यावर बंद पडते. आणि तुमचं भाषण होईपर्यंत निवते. ते लोक तिला तीन तास उभी करून, थंड झाल्यावर तपासतात. त्यांना काय सापडणार?”

ब्रेकताईचे कान तापले. आपल्या व्याख्यानाचा खरा उपयोग तिला आज कळला होता.

“आता दुरुस्ती,” बाई म्हणाल्या. “खरडून टाकायचं नाही. एक आडवी रेघ, शेजारी योग्य नोंद, सही, आजची तारीख. खालचं वाचता आलं पाहिजे.”

“खालचं कशाला वाचता यायला हवं?”

“चूक झाली होती हे कळायला.”

पंचवीस रेघा मारताना ब्रेकताईच्या डोळ्यांपुढे त्या सगळ्यांच्या माना आल्या. बाईंच्या कार्डाला ती शेवटी पोचली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. पण रेघ सरळ आली का, हे त्यांनी नंतर तपासलंच.

अर्जही बाईंनीच सांगितला आणि ब्रेकताईने लिहिला. वॉरंटीची पुस्तिका त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती, जे ती छापणाऱ्यांनीही केलं असण्याचा संभव कमी होता. मागणी एकच: वर्कशॉपच्या प्रमुखाने गाडी स्वतः, गरम अवस्थेत, न थांबता पंचेचाळीस मिनिटं रस्त्यावर चालवावी, तक्रारदाराच्या समक्ष.

अर्ज मंजूर झाला. त्या मंजुरीने ब्रेकताईच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी पंचेचाळीस मिनिटं नीट चालली तर तक्रार कायमची संपणार, आणि ही गाडी आयुष्यभर तिच्या गळ्यात. बंद पडली तर भर रहदारीत पडणार. कशाची इच्छा धरावी हेच तिला कळेना. आदल्या संध्याकाळी तिने नवऱ्याला विम्याचे कागद कपाटात कुठे आहेत ते दाखवलं. तो म्हणाला, “हे मला माहीत आहेत.” ती म्हणाली, “तरी बघून ठेव.”

सकाळी पावणेनऊला तिघं निघाले. वर्कशॉपचा प्रमुख स्टिअरिंगवर. पन्नाशीचा, जाडजूड, खिशाला तीन पेनं, आणि पंचवीस वर्षांचा अनुभव असल्याचं त्याने फाटकाबाहेर पडायच्या आत दोनदा सांगितलं. ब्रेकताई शेजारी. बाई मागे, हातात घड्याळ आणि वही.

“आजी, पट्टा लावा,” प्रमुख म्हणाला.

“आजी तुमच्या घरी. मला बाई म्हणा. आणि पट्टा मी केव्हाच लावलाय, तुम्ही लावला नाहीत.”

त्याने लावला.

पहिली दहा मिनिटं. वीस. वळणरस्ता, बाजार, पुन्हा वळणरस्ता. प्रमुख एका हाताने चालवत होता. ब्रेकताईने दोन्ही पाय आपल्या पेडलांवर ठेवले होते, आणि इंजिनचा आवाज ती असा ऐकत होती जसा आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस श्वास ऐकतो. जरा खालचा सूर लागला की तिचे पाय पेडलांवर घट्ट व्हायचे. सूर परत वर गेला की आणखी घट्ट व्हायचे.

“मॅडम, तो पाय जरा काढून ठेवा हो. मी काय शिकाऊ आहे का?”

“राहू द्या. सवय आहे.”

“मला अपमान झाल्यासारखं वाटतं.”

“वाटू द्या,” मागून बाई म्हणाल्या. “तीस मिनिटं.”

पस्तीस. ती मनात म्हणत होती, आता पड, इथे पड, इथे रस्ता रिकामा आहे, इथे कडेला जागा आहे. गाडी रिकाम्या रस्त्यावर लोण्यासारखी चालली. प्रमुखाच्या चेहऱ्यावर समाधान पसरू लागलं. त्याने उड्डाणपूल घेतला. चढ संपला, उतार लागला. खाली सिग्नल लाल होता आणि सिग्नलशी एक बस उभी होती.

“बघा, चाळीस मिनिटं झाली,” तो म्हणाला. “काही दोष—”

आवाज गेला.

त्याने ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. नेमकं तेच, जे तिने भुयारात केलं होतं. तिसऱ्या वेळी त्याचा पाय अडला आणि त्याच्या तोंडून कसलातरी बारीक आवाज निघाला. त्याचा हात चावीकडे गेला.

“चावीला हात लावू नका! स्टिअरिंग! दोन्ही हातांनी, सरळ!”

हा आवाज तिचाच होता, पण तो कुठून आला ते तिला समजलं नाही. तिने पाठ सीटला रोवली, दोन्ही पाय ब्रेकवर घेतले आणि असेल नसेल ते वजन त्यांच्यावर टाकलं. पेडल दगड होतं. दगड बोटभर हलला. हँडब्रेक तिने एकदम न ओढता एकेक दाता वर घेतला. बसची मागची काच येत होती, येत होती, तिच्यावरचं धुळीतलं बोटाने काढलेलं चित्र दिसायला लागलं. एक फूल होतं. तिला वाटलं, आपल्याला शेवटचं दिसणार ते हे.

गाडी थांबली. बॉनेट आणि बस यांच्यामधून एखादा बारीक माणूस आडवा होऊन जाऊ शकला असता. प्रमुख गेला नसता. मागच्या काचेशी एक आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. सिग्नल हिरवा झाला आणि बस आजोबांसकट निघून गेली.

“एक्केचाळिसावं मिनिट,” मागून बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला होता.

प्रमुख समोर बघत होता. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावर येऊन थांबला होता. “मी क्लचला पायच लावला नव्हता,” तो म्हणाला.

ब्रेकताईच्या जिभेच्या टोकावर बावीस वर्षांचं उत्तर आलं आणि तिने ते गिळलं. बाईंनी गिळलं नाही.

“असं सगळेच म्हणतात,” त्या म्हणाल्या.

ब्रेकताईने दार उघडलं. कठड्याशी जाऊन ती खालीच बसली. पोटरीतली शीर आपल्याआपण उडत होती आणि ती हाताने धरली तरी थांबेना. मागून येणारे हॉर्न वाजवत, वळसा घालून जात होते. प्रमुख आला आणि तोही शेजारी बसला. मग म्हणाला, “तुम्ही रोज हे... लोकांना घेऊन?”

“दोन महिने.”

त्याने खिशातलं एक पेन काढलं, उगाच उघडलं, मिटलं आणि परत ठेवलं.

वर्कशॉपमध्ये दोष सापडला: इंजिन फिरतंय की नाही हे गाडीला कळवणारा एक सेन्सर तापला की मुका व्हायचा. बदलायला वीस मिनिटं लागली. कागद तयार झाला. त्यावर छापलं होतं की कंपनी कोणतीही जबाबदारी न स्वीकारता, केवळ ग्राहकस्नेही धोरणापोटी, सदर भाग बदलून देत आहे. बाईंनी कागद प्रमुखापुढे सरकवला. प्रमुखाने त्या ओळीवर एक आडवी रेघ मारली, वर ‘उत्पादनातील दोष, वॉरंटीअंतर्गत’ असं लिहिलं, सही केली आणि तारीख घातली. खालचं वाचता येत होतं.

मग सल्लागाराने शेवटचा फॉर्म आणला. वाहन सुस्थितीत व पूर्णतः सुरक्षित असल्याची ग्राहकाने खातरजमा केली आहे. वाहनाबाबत ग्राहकाच्या मनात कोणतीही शंका शिल्लक नाही. ग्राहकाने वाहनाचा ताबा घेतला असून ते स्वतः चालवत नेले आहे.

“इथे सही, मॅडम.”

ब्रेकताईने सही केली, चावी पर्समध्ये टाकली आणि गाडी आवारातच ठेवून बसने घरी गेली.